ब्लॉगवरील टिप्पण्यांद्वारे संकेतस्थळाची प्रसिद्धी

ब्लॉगवरील टिप्पण्यांद्वारे संकेतस्थळाची प्रसिद्धी ही आंतरजालावरील जाहिरातीची एक पद्धत आहे. दुसऱ्याच्या ब्लॉगवर (अनुदिनी किंवा जालनिशी) प्रसिद्ध झालेल्या नोंदीखाली टिप्पणी लिहिणे आणि तिच्यासोबत स्वतःच्या संकेतस्थळाचा दुवा ठेवणे, असे तिचे स्वरूप आहे. या पद्धतीत जागेचे भाडे द्यावे लागत नाही, ओळखदेख लागत नाही आणि टिप्पणीची चौकट बहुतेक ब्लॉगांवर कोणालाही खुली असते. त्यामुळे ती लवकर लोकप्रिय झाली आणि तितक्याच लवकर बदनामही झाली.

या पद्धतीमागे दोन वेगळे हेतू असू शकतात. टिप्पणी वाचणाऱ्या माणसाने कुतूहलाने दुव्यावर टिचकी मारावी, हा पहिला हेतू. शोधयंत्राने तो दुवा मोजावा आणि आपले संकेतस्थळ शोधाच्या निकालांत वर आणावे, हा दुसरा. पहिल्या हेतूसाठी टिप्पणी वाचनीय असावी लागते. दुसऱ्यासाठी ती कोणी वाचण्याचीही गरज नसते. दुसरा हेतू २००५ नंतर मोठ्या प्रमाणावर निष्फळ ठरला, तरी त्यासाठी टाकल्या जाणाऱ्या टिप्पण्या थांबल्या नाहीत. त्या निवडून काढण्याचे श्रम ब्लॉगलेखकाच्या वाट्याला आले. मराठीतील बहुसंख्य ब्लॉग एकेका व्यक्तीने हौसेने चालवलेले असल्याने तेथे हा भार विशेष जाणवला.

स्वरूप

ब्लॉगवरील टिप्पणीच्या अर्जात सहसा नाव, विपत्र पत्ता, संकेतस्थळाचा पत्ता आणि मजकूर अशा चार चौकटी असतात. संकेतस्थळाचा पत्ता भरल्यास टिप्पणीकाराचे नावच दुवा बनते. मजकुरात वेगळा दुवा न देताही त्यामुळे प्रसिद्धी साधता येते. लग्नपत्रिकेच्या तळाशी बारीक अक्षरांत छापखान्याचे नाव असते, त्या जातीची ही सोय आहे: काम दुसऱ्याचे, पण कोपऱ्यात आपला पत्ता.

या सोयीचा वापर सरळ रीतीने होतो तेव्हा टिप्पणीकार आपले खरे नाव देतो, नोंदीतील मुद्द्याला उत्तर देतो किंवा त्यात भर घालतो, आणि त्याच्या नावामागील दुवा हा केवळ त्याची ओळख असतो. गैरवापरात नावाच्या जागी विकायच्या वस्तूचे किंवा सेवेचे नाव लिहिले जाते. ‘स्वस्त सदनिका नाशिक’ किंवा ‘घरबसल्या कमवा’ अशा नावाच्या टिप्पणीकाराने एखाद्या कवितेची स्तुती केलेली आढळते, ती याच कारणाने. दुव्याच्या शब्दांवरून त्या पानाचा विषय शोधयंत्र ओळखते, हे लक्षात घेऊन हा प्रकार सुरू झाला.

या दोन टोकांच्या मध्ये मोठा धूसर पट्टा आहे. विषयाला धरून दोन वाक्ये लिहून तिसऱ्या वाक्यात ‘माझ्या या विषयावरील लेखासाठी येथे पाहा’ असे सांगणे काही ब्लॉगलेखकांना स्वागतार्ह वाटते, तर काहींना आगंतुकपणाचे. याविषयी सर्वमान्य नियम नाही. यजमान ब्लॉगचे धोरण हाच नियम मानला जातो.

दुव्याला मूल्य कसे आले

स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी विकसित केलेली ‘पेजरँक’ ही पद्धत १९९८ मध्ये स्थापन झालेल्या गूगल या शोधयंत्राचा पाया होती. एका पानाने दुसऱ्या पानाला दिलेला दुवा म्हणजे त्याच्या बाजूने पडलेले मत, ही तिची मूळ कल्पना. मात्र सर्व मते सारखी नसतात. ज्या पानाकडे स्वतःकडेच पुष्कळ दुवे येतात त्याच्या मताला अधिक वजन असते, आणि ते वजन त्या पानावरून बाहेर जाणाऱ्या सर्व दुव्यांत वाटले जाते. संशोधनपर लेखांमध्ये एखाद्या लेखाचे महत्त्व त्याला मिळालेल्या उद्धरणांवरून जोखतात, तोच न्याय येथे पानांना लावला गेला होता.

या कल्पनेत एक गृहीतक होते: पानावरील दुवा त्या पानाच्या लेखकाने विचारपूर्वक दिलेला असतो. ब्लॉगांनी हे गृहीतक मोडले. ऑगस्ट १९९९ मध्ये सुरू झालेले ब्लॉगर, २००१ मधील मूव्हेबल टाइप आणि मे २००३ मध्ये पहिली आवृत्ती निघालेले वर्डप्रेस यांच्यामुळे कोणालाही स्वतःचे पान काढता येऊ लागले, आणि त्या पानाखाली कोणालाही लिहिता येऊ लागले. परिणामी एकाच पानावर लेखकाने दिलेले दुवे आणि अनोळखी वाटसरूंनी ठेवलेले दुवे शेजारी शेजारी आले. शोधयंत्राच्या दृष्टीने दोन्ही मतेच होती.

गूगलने डिसेंबर २००० मध्ये ब्राउझरसाठी एक साधनपट्टी उपलब्ध करून दिली होती. तीत कोणत्याही पानाचे पेजरँक ० ते १० या अंकांत दिसत असे. हा अंक ढोबळ होता, पण त्यामुळे दुव्याला उघड दर मिळाला. जास्त अंकाच्या पानावरील दुवा महाग, कमी अंकाचा स्वस्त, असा बाजार उभा राहिला. टिप्पणीतील दुवा मात्र फुकट होता. हा सार्वजनिक अंक दाखवणे गूगलने २०१६ मध्ये पूर्णपणे बंद केले.

यांत्रिक टिप्पण्या

हाताने टिप्पण्या लिहिणे वेळखाऊ असल्याने लवकरच ते काम संगणक प्रणालींकडे गेले. एक्सरूमर आणि स्क्रेपबॉक्स ही त्यांतील गाजलेली नावे. बहुतेक ब्लॉगांच्या टिप्पणी-अर्जावर ठरावीक शब्द छापलेले असतात. अशी प्रणाली तेच शब्द शोधयंत्रात टाकून हजारो ब्लॉगांची यादी करते आणि प्रत्येक अर्ज आपोआप भरते. सर्वत्र तोच मजकूर गेल्यास तो चटकन ओळखू येतो, म्हणून एका साच्यात पर्यायी शब्द भरून त्यांची अदलाबदल केली जाते: ‘छान’ऐवजी ‘सुंदर’, ‘लेख’ऐवजी ‘माहिती’. एका साच्यातून अशा प्रकारे शेकडो वाक्ये निघतात.

ही प्रणाली नोंद वाचत नाही. आईच्या निधनावर लिहिलेल्या नोंदीखाली ‘उत्तम माहिती, असेच लिहीत राहा’ अशी टिप्पणी येते, ती त्यामुळे. उपद्रव असह्य झाल्यावर २००३ मध्ये मूव्हेबल टाइपसाठी ‘एमटी-ब्लॅकलिस्ट’ हे नको असलेल्या पत्त्यांची यादी ठेवणारे साधन निघाले. पण यादीत पत्ता चढेपर्यंत नवा पत्ता विकत घेतलेला असे.

नोफॉलो

जानेवारी २००५ मध्ये गूगल, याहू आणि एमएसएन या तीन प्रतिस्पर्धी शोधयंत्रांनी एकत्र येऊन ‘नोफॉलो’ या खुणेला मान्यता दिली. गूगलमधील मॅट कट्स आणि ब्लॉगरमधील जेसन शेलन यांनी ही खूण सुचवली होती. दुव्याच्या संकेतावलीत ती घातली की तो दुवा वाचकाला नेहमीप्रमाणेच वापरता येतो, पण शोधयंत्र त्याला मत म्हणून मोजत नाही. प्रमुख ब्लॉग-प्रणालींनी टिप्पण्यांतील दुव्यांना ही खूण आपोआप लावण्यास सुरुवात केली. इंग्रजी विकिपीडियानेही जानेवारी २००७ पासून लेखांतील सर्व बाह्य दुव्यांना ती लावली.

त्यामुळे टिप्पण्यांचा मारा थांबेल, ही अपेक्षा मात्र फोल ठरली. एक टिप्पणी टाकण्याचा खर्च जवळपास शून्य असल्याने लाखांतून एखादा दुवा मोजला गेला तरी टाकणाऱ्याचे नुकसान नव्हते. प्रणाली चालवणारे बहुधा खूण तपासतही नसत. शिवाय दुवे विकणाऱ्याला पैसे दुव्यांच्या संख्येवर मिळत. ते दुवे ग्राहकाच्या उपयोगी पडतात की नाही, हा त्याच्या हिशेबातला भाग नव्हता. नोफॉलोने दुव्याचे मूल्य काढून घेतले, पण दुव्यांच्या विक्रीचा धंदा काढून घेतला नाही.

पुढचे पाऊल दंडाचे होते. २४ एप्रिल २०१२ रोजी गूगलने ‘पेंग्विन’ हा बदल लागू केला. गूगलच्या म्हणण्यानुसार इंग्रजीतील सुमारे ३.१ टक्के शोधांवर त्याचा परिणाम झाला. कृत्रिम दुव्यांचा भरणा असलेली संकेतस्थळे निकालांत खाली गेली. ज्यांनी पूर्वी पैसे देऊन दुवे टाकून घेतले होते, त्यांच्यावर आता तेच दुवे काढून टाकण्यासाठी ब्लॉगलेखकांच्या विनवण्या करण्याची वेळ आली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गूगलने नकोसे दुवे नाकारण्याचे साधन संकेतस्थळाच्या मालकांना दिले. सप्टेंबर २०१६ मध्ये पेंग्विन मुख्य क्रमवारीचा कायमचा भाग झाले. तेव्हापासून अशा दुव्यांमुळे संपूर्ण संकेतस्थळ खाली ढकलण्याऐवजी ते दुवे निरर्थक मानण्यावर भर आहे.

सप्टेंबर २०१९ मध्ये गूगलने आणखी दोन खुणा जाहीर केल्या: एक वाचकांनी निर्माण केलेल्या मजकुरातील दुव्यांसाठी, म्हणजे टिप्पण्यांसाठीही, आणि दुसरी पैसे घेऊन दिलेल्या दुव्यांसाठी. त्याच वेळी नोफॉलो ही खूण यापुढे आज्ञा न मानता सूचना मानली जाईल, असेही सांगण्यात आले. दुवेविक्रेत्यांनी याचा अर्थ ‘टिप्पण्यांतील दुव्यांना पुन्हा मोल आले’ असा लावला. सूचना मानायची की नाही हे शोधयंत्र ठरवते, विक्रेता नव्हे, एवढा भाग ते सांगत नाहीत.

मराठी ब्लॉगांवरील स्थिती

मराठीत आंतरजालावर एकत्र येऊन लिहिण्याची परंपरा ब्लॉगांहून जुनी आहे. ‘मायबोली’ हे संकेतस्थळ १९९६ पासून चालू आहे. ‘मनोगत’ आणि ‘मिसळपाव’ ही संकेतस्थळे त्यानंतरची. या ठिकाणी जाहिरातबाजी आणि चर्चा वेगळ्या ठेवण्याचा संकेत प्रथमपासून होता. मायबोलीवर तर जाहिरातींसाठी स्वतंत्र विभाग आहे. सदस्यत्व घेतल्याशिवाय लिहिता येत नसल्याने अनोळखी प्रणालींना तेथे शिरकाव अवघड होता. एखाद्याने प्रत्येक चर्चेत स्वतःच्या पानाचा दुवा डकवायला सुरुवात केली, तर इतर सदस्यच त्याला टोकत.

ब्लॉगांना असे कुंपण नव्हते. युनिकोड देवनागरी संगणकावर रुळल्यानंतर आणि रोमन कळफलकावरून मराठी उमटवणारी ‘बरहा’, ‘गमभन’ यांसारखी साधने हाती आल्यानंतर मराठी ब्लॉगलेखनाला बहर आला, तो मुख्यतः २००५ नंतर. बहुतेक लेखकांनी ब्लॉगर किंवा वर्डप्रेसची मोफत सेवा निवडली. या दोन्ही सेवांवर टिप्पण्यांतील दुव्यांना नोफॉलोची खूण आधीच लागू झालेली होती. म्हणजे शोधयंत्रापुरते बोलायचे तर बहुसंख्य मराठी ब्लॉगांवर टाकलेल्या यांत्रिक टिप्पण्या पहिल्या दिवसापासून व्यर्थ होत्या. तरी त्या आल्या, कारण पाठवणाऱ्या प्रणालीला ब्लॉगची भाषाही कळत नव्हती. मराठी कवितेखाली इंग्रजीत ‘नाइस पोस्ट, थँक्स फॉर शेअरिंग’ असे लिहून औषधांच्या दुकानाचा दुवा देणारी टिप्पणी, हा त्या काळातील मराठी ब्लॉगलेखकांच्या परिचयाचा प्रकार आहे.

इंग्रजी टिप्पणी मराठी ब्लॉगवर चटकन उठून दिसते, हा एक अनपेक्षित फायदा होता. पुढे यांत्रिक भाषांतराने मराठी टिप्पण्याही येऊ लागल्या, परंतु त्यांना व्याकरणाने उघडे पाडले. इंग्रजीत विशेषण आणि क्रियापद नामाच्या लिंगाप्रमाणे बदलत नाही, त्यामुळे साच्यातील नाम बदलले तरी वाक्य शाबूत राहते. मराठीत लेख आवडला, कविता आवडली आणि लिखाण आवडले असे तीन वेगळे रूपबंध लागतात. शब्दांची अदलाबदल करणाऱ्या साच्यातून ‘आपला कविता खूप आवडला’ अशी वाक्ये निघत, आणि वाचणाऱ्याला पहिल्या तीन शब्दांतच टिप्पणीकार माणूस नसल्याचे कळे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी खुले झाल्यानंतर मोठ्या भाषा-प्रतिमानांनी लिहिलेली मराठी सर्वत्र दिसू लागली. ती लिंगवचनात सहसा चुकत नाही आणि नोंदीतील एखादा तपशील उचलून टिप्पणीत घालू शकते. मराठी ब्लॉगलेखकाच्या हातातील ही नैसर्गिक चाळणी त्यामुळे निरुपयोगी होत चालली आहे.

यांत्रिक टिप्पण्यांपासून वेगळी काढावी अशी एक खास देशी रीत मराठी ब्लॉगविश्वात होती. नवा लेखक इतरांच्या नोंदींवर अभिप्राय देई आणि शेवटी ‘वेळ मिळाल्यास माझ्याही ब्लॉगला भेट द्या’ असे निमंत्रण जोडी. यजमान बहुधा परतभेट देत असे. हळदीकुंकवाला बोलावणे आले की आपणही बोलवायचे, तसाच हा व्यवहार होता. काही जणांना तो खटके, विशेषतः वाचल्याचे कोणतेही चिन्ह नसलेल्या अभिप्रायासोबत निमंत्रण आले की. तरीही या परतभेटींतूनच अनेक ब्लॉगांना पहिले वाचक मिळाले, हे नाकारता येत नाही. हीदेखील टिप्पणीद्वारे प्रसिद्धीच होती. फरक एवढाच की तिचा रोख माणसांकडे होता.

टिप्पण्यांचे हे काम काही प्रमाणात ब्लॉगसंकलकांनी हलके केले. ‘मराठीब्लॉग्स.नेट’ आणि ‘मराठी ब्लॉग विश्व’ यांसारख्या संकलकांवर नोंदणी केलेल्या ब्लॉगांच्या ताज्या नोंदींची शीर्षके एकत्र दिसत. मोबदल्यात लेखक आपल्या ब्लॉगच्या कडेला संकलकाचे छोटे बोधचिन्ह लावत. नव्या नोंदीची वार्ता पोहोचवण्यासाठी दहा ठिकाणी जाऊन टिप्पण्या करण्याची गरज त्यामुळे उरली नाही. पुढे फेसबुक आणि व्हॉट्सॲप यांनी ही जागा घेतली, संकलकांचे महत्त्व ओसरले आणि अभिप्रायही ब्लॉगवरून उठून समाजमाध्यमांवरील चर्चांत गेले. खऱ्या टिप्पण्या घटल्या तेव्हा यांत्रिक टिप्पण्या त्या प्रमाणात घटल्या नाहीत, आणि कित्येक जुन्या ब्लॉगांच्या शेवटच्या नोंदींखाली आज केवळ त्याच उरल्या आहेत.

स्थानिक संकेतस्थळे: शिरपूरचे उदाहरण

मोठ्या शहरांबाहेरील दुकाने, शिकवण्या, दवाखाने आणि उद्योग यांची संकेतस्थळे निघू लागल्यावर दुवेविक्रीचा व्यवसाय तेथपर्यंत पोहोचला. ‘एक हजार दुवे’ अशा ठोक भावात विकल्या जाणाऱ्या दुव्यांत ब्लॉगवरील टिप्पण्यांचा मोठा वाटा असतो. लहान गावातील व्यावसायिकाला त्यांचा उपयोग कितपत होतो, हे धुळे जिल्ह्यातील शिरपूरसारख्या तालुक्याच्या गावाच्या उदाहरणाने स्पष्ट करता येते.

अरुणावती नदीकाठी, मुंबई–आग्रा महामार्गावर वसलेल्या या गावाच्या नावापासूनच अडचण सुरू होते. महाराष्ट्रातच वाशीम जिल्ह्यात अंतरिक्ष पार्श्वनाथ मंदिरामुळे प्रसिद्ध असलेले दुसरे शिरपूर आहे. रोमन लिपीतील लेखनाची सरमिसळ झाल्यास छत्तीसगडमधील पुरातत्त्वीय स्थळ सिरपूर आणि तेलंगणातील कागद कारखान्याचे सिरपूर यांचीही त्यात भर पडते. शोधयंत्राला यांतील कोणते गाव अभिप्रेत आहे, हे दुव्यांच्या संख्येवरून कळत नाही; ते भोवतालच्या शब्दांवरून कळते. तापी, सातपुडा, धुळे, खानदेश, शिरपूर-वरवाडे नगरपरिषद हे शब्द ज्या पानावर स्वाभाविकपणे येतात त्या पानावरील उल्लेख या शिरपूरचा ठरतो. परदेशातील पाककृतींच्या ब्लॉगखाली ‘शिरपूर’ या शब्दासह टाकलेल्या दुव्याने तो संदर्भ निर्माण होत नाही.

दुसरी बाब अंतराची. शिरपुरात उभा राहून कोणी ट्रॅक्टरचे सुटे भाग किंवा ठिबक सिंचनाचे साहित्य शोधतो, तेव्हा गूगल नकाशासह स्थानिक निकाल दाखवते. हे निकाल शोधाशी असलेली सुसंगती, अंतर आणि व्यवसायाची ख्याती या तीन घटकांवर ठरतात, असे गूगलने जाहीर केलेले आहे. अचूक पत्ता, चालू दूरध्वनी क्रमांक, उघडण्याच्या वेळा आणि गिऱ्हाइकांनी स्वतः लिहिलेले अभिप्राय यांचे येथे महत्त्व आहे. व्यवसायाची नोंद गूगलवर विनामूल्य करता येते. ठोक दुव्यांवर होणारा खर्च अशा व्यवसायाला बहुतांशी वाया जातो, आणि पेंग्विननंतर तर त्यात जोखीमही आली.

याउलट टिप्पणी उपयोगी पडू शकेल असा एक विषय शिरपूरच्या नावाशीच जोडलेला आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेतून निवृत्त झालेले भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली आणि आमदार अमरीश पटेल यांच्या पाठबळाने शिरपूर तालुक्यात नाले खोल व रुंद करून त्यांवर ओळीने सिमेंटचे बंधारे बांधण्यात आले. हे काम ‘शिरपूर पॅटर्न’ या नावाने ओळखले जाते. २०१२–१३ च्या दुष्काळात आणि त्यानंतर या पद्धतीवर वृत्तपत्रांत व आंतरजालावर विपुल लिहिले गेले. तापीकाठच्या गाळाच्या प्रदेशात जे साधले ते कठीण बेसाल्टच्या प्रदेशात तसेच साधेल का, नाला किती खोल करावा, खर्च किती यावा, असे आक्षेपही जाणकारांनी घेतले. अशा चर्चेत त्या भागातील शेतकऱ्याने स्वतःच्या विहिरीचे पाणी पूर्वी कोणत्या महिन्यात आटत असे आणि आता केव्हा आटते हे लिहिले, किंवा नाला खोलीकरणाचे काम केलेल्या पोकलेनधारकाने कोणत्या थरापर्यंत खोदता येते हे सांगितले, तर ती टिप्पणी नोंदीइतकीच वाचली जाते. तिच्या लेखकाच्या नावावर टिचकी मारणारे वाचक थोडे असतील, पण ते पाणी, शेती किंवा खोदकामात रस असलेलेच असतात. टिप्पणीतील दुव्याला नोफॉलोची खूण असली तरी या भेटींना बाध येत नाही.

याच कारणाने प्रसिद्धीचा हा मार्ग संथ आहे. एका ब्लॉगवर ओळख व्हायला महिने लागू शकतात, आणि हजार टिप्पण्यांचा जो ठोक भाव असतो तसा या ओळखीचा नसतो. मॅट कट्स यांनीही गूगलच्या वतीने बोलताना याच आशयाचा भेद केला होता. स्वतःच्या नावाने, विषयाला धरून केलेली टिप्पणी त्यांनी गैर मानली नाही. दुवे मिळवण्याचे मुख्य साधन म्हणून टिप्पण्या करत सुटणे त्यांनी शंकास्पद ठरवले.

प्रतिबंधाचे उपाय

टिप्पणी प्रसिद्ध होण्यापूर्वी ब्लॉगलेखकाने ती वाचून संमती देणे हा सर्वांत जुना आणि खात्रीचा उपाय आहे. वर्डप्रेसच्या मूळ मांडणीत दोन किंवा अधिक दुवे असलेली टिप्पणी आपोआप अडवून ठेवली जाते, आणि ज्याची एकही टिप्पणी पूर्वी संमत झालेली नाही त्याची टिप्पणीही थांबते. ठरावीक दिवसांनंतर जुन्या नोंदींवरील टिप्पण्या बंद करण्याची किंवा संमतीसाठी रोखण्याची सोय वर्डप्रेस आणि ब्लॉगर या दोहोंवर आहे. ऑक्टोबर २००५ मध्ये सुरू झालेली ‘अकिस्मेट’ ही सेवा अनेक ब्लॉगांवरील टिप्पण्यांची एकत्रित छाननी करते. एका ठिकाणी ओळखला गेलेला मजकूर तीमुळे इतरत्रही अडतो.

वेडीवाकडी अक्षरे ओळखायला लावणाऱ्या चाचणीला कॅप्चा म्हणतात. हे नाव २००३ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी रूढ केले. मराठी ब्लॉगांवर या चाचणीची एक उलटी बाजू दिसली. अक्षरे रोमन लिपीतील असत, आणि देवनागरीत टिप्पणी लिहिण्यासाठी कळफलक बदललेल्या वाचकाला तो पुन्हा बदलून इंग्रजी अक्षरे टंकावी लागत. तोपर्यंत लिहिण्याचा उत्साह मावळे. रोमन लिपीत लिहिलेली मराठी किंवा अहिराणी टिप्पणी यांत्रिक गाळणीत अडकण्याचीही शक्यता असते, म्हणून अडवलेल्या टिप्पण्यांचा ढीग अधूनमधून डोळ्यांखालून घालावा लागतोच.

काही मोठ्या प्रकाशनांनी हा खटाटोपच सोडून दिला. अमेरिकेतील ‘पॉप्युलर सायन्स’ने सप्टेंबर २०१३ मध्ये आणि ‘एनपीआर’ने ऑगस्ट २०१६ मध्ये आपल्या संकेतस्थळावरील टिप्पण्या बंद केल्या, त्यामागे स्पॅमबरोबर वादांचा घसरलेला दर्जाही होता.

कायदेशीर बाजू

ब्लॉगवर प्रसिद्धीपर टिप्पणी टाकण्याला भारतात स्वतंत्र कायद्याने बंदी नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे २०१८ चे विनियम नकोशा दूरध्वनींना आणि लघुसंदेशांना लागू आहेत. टिप्पण्या त्यांच्या कक्षेत येत नाहीत. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मध्ये २००८ च्या दुरुस्तीने घातलेल्या कलम ६६अ मध्ये त्रासदायक किंवा मुळाविषयी दिशाभूल करणाऱ्या संदेशांचा उल्लेख होता. परंतु हे कलम अभिव्यक्तिस्वातंत्र्याशी विसंगत असल्याने सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी ते रद्द केले.

पैसे घेऊन लिहिलेल्या मजकुराबाबत मात्र नियम कडक होत गेले आहेत. भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये समाजमाध्यमांवरील प्रभावकांसाठी मार्गदर्शक तत्त्वे लागू केली. त्यांनुसार मोबदला घेऊन केलेली शिफारस तशी असल्याचे उघड सांगावे लागते. भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्राहकांच्या ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक प्रसिद्ध केले. त्यात अभिप्राय लिहिणाऱ्याची खातरजमा आणि अभिप्रायांच्या नियमनाची पद्धत यांविषयी तरतुदी आहेत. हे मानक विक्रीच्या संकेतस्थळांवरील अभिप्राय डोळ्यांसमोर ठेवून केलेले आहे. एखाद्याच्या वैयक्तिक ब्लॉगवर ग्राहक असल्याचा आव आणून केलेल्या टिप्पण्यांवर काय करायचे, हा निर्णय अजून त्या ब्लॉगच्या लेखकावरच सोपवलेला आहे.